बॉनेटखालची रिकामी जागा

१

शनिवारी सकाळी आठ वाजता वेंडल सिकेमाने आपल्या गाडीचं बॉनेट उचललं आणि तो तसाच उभा राहिला. काल दुपारी त्याने स्वतः बसवलेला नवा सुपरचार्जर जागेवर नव्हता. तिथे इंजिनाचं उघडं तोंड होतं आणि त्या तोंडावर कुणीतरी निळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. घाईघाईत नव्हे. चारी कडा नीट दाबून, एकही सुरकुती न पडू देता.

सव्वाआठला टर्पस्ट्राबाईंचा फोन वाजला.

युनिस टर्पस्ट्राबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. मिशिगनमधल्या एल्म क्रॉसिंग गावच्या शाळेत त्यांनी सदतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. त्यामुळे गावातला निम्मा माणूस त्यांचा विद्यार्थी होता आणि उरलेला निम्मा त्यांना घाबरून होता. कुणाची वस्तू हरवली, कुणाचा हिशेब जुळेना, की लोक बाईंना विचारत. बाई फार हुशारी दाखवत नसत. आधी डोळ्यांना काय दिसतंय ते पाहायचं आणि मग तोंड उघडायचं, एवढंच त्या मुलांना शिकवत आल्या होत्या आणि स्वतःही तेच करत.

"बाई, मी वेंडल. माझा सुपरचार्जर चोरीला गेला."

"लहान की मोठा?"

"मोठा. नवा. जुना लहान आहे तसाच फळीवर."

"कुणी नेला ते तुला माहीत आहे, असं तुझ्या आवाजावरून वाटतंय."

 मग वेंडल म्हणाला, "डेलने."

बाईंनी हातातला टोस्ट बशीत ठेवला. वेंडल आणि डेल ऑसगुड नववीपासून एका बाकावर बसणारे. एकाने गृहपाठ विसरला तर दुसराही मुद्दाम विसरायचा. आता दोघेही सत्तावन्नचे झाले होते आणि डेल त्याच शाळेच्या कार्यशाळेत मुलांना यंत्रकाम शिकवत होता.

"मी पाच वाजेपर्यंत थांबणार," वेंडल सांगत होता. "तोवर सुपरचार्जर परत आला तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आला तर शेरीफच्या कचेरीत जाऊन डेलच्या नावाने तक्रार लिहून देणार. तुम्ही आम्हा दोघांना ओळखता. मी चुकतोय हे मला दाखवून द्या, बाई. मला तेच हवंय."

बाईंनी कोट चढवला. चोरीची तक्रार झालेला माणूस सोमवारी मुलांसमोर उभा राहू शकणार नव्हता. शाळा त्याला आत येऊ देणार नव्हती. आणि डेलला दुसरं काहीच करता येत नव्हतं. मुलांना शिकवण्याखेरीज त्याला कशात रसही नव्हता.

२

वेंडलच्या गॅरेजात १९७० सालची गडद हिरवी शेव्हेल गाडी उभी होती. वेंडलने ती गंजलेल्या सांगाड्यापासून उभी केली होती. गेली अकरा वर्षं तो ती गावाबाहेरच्या पाव मैलाच्या शर्यतीत पळवत होता. उद्या रविवारी या मोसमाची शेवटची शर्यत होती. त्यानंतर बर्फ पडणार आणि एप्रिलपर्यंत सगळं बंद.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. लोहाराने भाता मारला की निखारे फुलतात, तसा हा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतं आणि गाडी उसळी मारते. भाता मोठा असेल तर पाय नुसता टेकला तरी पुरतो. बाईंनी हे वर्गात सायकलचा पंप घेऊन शिकवलं होतं.

"काल काय काय झालं ते क्रमाने सांग," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटतं ते नको. काय झालं ते."

वेंडल येरझारा घालत सांगू लागला. सिमेंटच्या जमिनीवर त्याच्या उजव्या बुटाचा टक, टक असा आवाज येत होता. डाव्या बुटाचा येत नव्हता.

"दोन वाजता मी आणि जोलीनने चेनकप्पीने सुपरचार्जर उचलून इंजिनावर ठेवला. नट हातानेच आवळले होते, पक्के नव्हते. मग मी त्याच्यावर मातीचे चार गोळे ठेवले."

जोलीन म्हणजे वेंडलची मुलगी. अठ्ठावीस वर्षांची, शाळेची बस चालवायची. गोळ्यांचं बाईंना सांगावं लागलं नाही. मोठा सुपरचार्जर उंच असतो. बॉनेट त्याच्यावर आदळेल की सुटेल ते बाहेरून कळत नाही. म्हणून लहान मुलं खेळतात ती मऊ रंगीत माती वर ठेवून बॉनेट अलगद लावायचं आणि परत उघडायचं. माती जेवढी जाड राहिली, तेवढी जागा आहे असं समजायचं. गावातले सगळे गाडीवाले असंच करत.

"बॉनेट तू लावलंस?"

"नाही. तीन वाजता मी मधुमेहाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेलो. जोलीनला म्हटलं, तू लाव आणि माती मोजून ठेव. मी चारला आलो तेव्हा बॉनेट लावलेलं होतं. ती म्हणाली, बाबा, अर्धं बोट जागा उरते. एवढा आनंद झाला मला. तेवढ्यात डेल आणि कर्टिस आले. आम्ही इथेच बसून कॉफी प्यायलो, सफरचंदाचा केक खाल्ला. साडेचारला जोलीन आणि कर्टिस गेले. मी आत जाऊन आडवा झालो. डेल एकटाच इथे थांबला, लेथ यंत्रावर मुलांसाठी काहीतरी कातत होता. सहाला कुलूप लावून गेला. किल्ली त्याच्याकडे असतेच."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कोण येणार? सकाळी कर्टिस सुपरचार्जर फिरवायचा पट्टा घेऊन आला, आम्ही बॉनेट उघडलं, आणि..." त्याने हात पसरले. "डेल महिनाभर माझ्या मागे लागला होता, हा बसवू नकोस म्हणून."

बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. गाडीच्या नाकासमोरच्या भिंतीला जुन्या टायरांची चळत लावलेली होती. एका टायरामागे भिंतीचा लाकडी तक्ता आत गेलेला दिसत होता. तुटलेलं लाकूड अजून पांढरं होतं.

"हे टायर इथे कधीपासून?"

"ते? जोलीनने ठेवलेत, सप्टेंबरात. म्हणाली, कोपऱ्यात अडचण होते."

बाईंनी मान डोलावली आणि कचऱ्याचा डबा पुढे ओढला. कॉफीचे कागदी पेले, तेलकट चिंध्या, आणि सगळ्यात खाली एका चिंधीत गुंडाळलेले चार गोळे. दोन लाल, दोन पिवळे.

"हेच ना तुझे?"

"हेच. चोराने फेकले असतील."

बाईंनी एक गोळा उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. मग चारही गोळे रुमालात बांधले आणि पर्समध्ये ठेवले.

"वेंडल, पाचच्या आत मी परत येईन," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत कुणाला फोन करू नकोस. आणि जरा बसून राहा. फार चालू नकोस."

३

कर्टिस ब्लोम आपल्या दुकानात लेथवर वाकलेला होता. वेंडलला सुपरचार्जर त्यानेच विकला होता, आणि रविवारच्या शर्यतीत वेंडलचा खरा प्रतिस्पर्धीही तोच होता.

"या बाई, पकडा मला," त्याने लेथ बंद केलं. "मीच विकायचा, मीच चोरायचा आणि मग उद्या मीच जिंकायचं. कल्पना वाईट नाही. मला आधी सुचायला हवी होती."

"दुपारी दोन ते चार कुठे होतास?"

"इथेच. चार वाजता सिकेमाकडे केक आहे म्हणून दुकान बंद केलं. माझ्या पिकअपमध्ये डेलही होता, त्याची गाडी दुरुस्तीला पडलीय. यंत्रकाम शिकवणाऱ्या माणसाची. हे तुम्ही त्याला जरूर ऐकवा."

"म्हणजे काल डेलकडे गाडी नव्हती."

"नाही. घरी चालत गेला असणार. मैलभर तर आहे."

"सुपरचार्जरचं वजन किती रे?"

"चाळीस किलो असेल." कर्टिस बोलता बोलता थांबला. "अरेच्चा."

"पण मित्राला बोलावून, कुणाची गाडी मागून नेता येतं," बाई म्हणाल्या. "एवढ्याने वेंडलचं समाधान होणार नाही."

डेल ऑसगुड शाळेच्या कार्यशाळेत होता. शनिवार असूनही तो मुलांच्या कानशी एकेक घासून ओळीत लावत होता. बाईंना बघून त्याने खुर्ची पुसून दिली.

"तुला सांगितलं ना वेंडलने?" बाईंनी विचारलं.

"सकाळीच. फोनवर." डेल पुन्हा कानस घासू लागला. "चव्वेचाळीस वर्षं ओळखतो मला. त्याला खात्री आहे, तर असू दे. मी 'नाही' म्हणायला जाणार नाही, बाई."

"रुसलास?"

"रुसायला मी काय चौथीत आहे?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच थोडा हसला. "हो. रुसलोय."

"मग रुसूनच उत्तर दे. सुपरचार्जर बसवू नकोस असं तू का म्हणत होतास? इंजिन झेपणार नाही म्हणून?"

"इंजिन झेपेल. ते त्याने सुरेख बांधलंय." डेलने कानस खाली ठेवली. "ऑगस्टातल्या शर्यतीत शेवटची रेघ ओलांडल्यावरही त्याने वेग कमी केला नाही. दोनशे यार्ड गेल्यावर गाडी वाळूत शिरली तेव्हा थांबली. म्हणाला, अॅक्सिलरेटरची तार अडकली. मी नंतर ती तार उघडून पाहिली. तार नवीकोरी होती, लोण्यासारखी सरकत होती."

"हे त्याला विचारलंस?"

"विचारलं. चिडला. मग मी इंजिनाची कारणं सांगत बसलो. खरं कारण मला माहीतच नव्हतं." डेलने बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे का?"

बाई खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत होत्या. सकाळी ऐकलेला तो टक, टक आवाज त्यांच्या कानात होता.

"फुटबॉलची मुलं किती वाजता परत येतात?" त्यांनी विचारलं.

"अडीचला. का?"

"त्यांची बस कोण चालवतं?"

डेलचा हात कानशीवर तसाच राहिला.

४

बस रिकामी झाली. मुलं बुटांचा चिखल सगळीकडे उधळून गेली होती आणि जोलीन सिकेमा हातात झाडू घेऊन मधल्या वाटेत उभी होती. बाई दोन पायऱ्या चढल्या आणि पहिल्या सीटवर बसल्या.

"बाई, तुम्ही इथे?"

"बस जरा, जोलीन. तुला एक प्रयोग दाखवते."

त्यांनी रुमाल सोडला. चार गोळे सीटवर ठेवले.

"बघ हां. हे तुझ्या बाबांनी सुपरचार्जरवर ठेवलेले. खालून चपटे आहेत, कारण ते धातूवर दाबून चिकटवले होते. वरून कसे आहेत?"

जोलीनने एक गोळा उचलून परत खाली ठेवला.

"गोल आहेत," बाईंनी शांतपणे सांगितलं. "अक्रोडाएवढे उंच. वर वेंडलच्या अंगठ्याचे ठसेसुद्धा शाबूत आहेत. बॉनेट यांच्यावर कधी टेकलंच नाही. टेकलं असतं आणि अर्धं बोट जागा उरली असती, तर यांच्या अर्ध्या बोटाच्या पोळ्या झाल्या असत्या. म्हणजे बॉनेट लागलं तेव्हा खाली सुपरचार्जर नव्हता. चार वाजता सगळे गाडीशेजारी बसून केक खात होते, तेव्हाच तिथली जागा रिकामी होती. डेल तोवर गॅरेजात आलाही नव्हता. तीन ते चार तिथे एकच माणूस होतं. माती मोजली असं सांगणारंही तेच."

जोलीनने झाडू भिंतीला टेकवला. "डेलकाकांचं इथे काय?"

"तुला माहीत नाही?"

"मी पहाटे पाचला निघाले, बाई. बस चालवताना फोन बंद असतो."

"तुझे बाबा पाच वाजता त्याच्या नावाने तक्रार देणार आहेत."

ती समोरच्या सीटवर बसली. "देवा. मला वाटलं, बाबा आरडाओरडा करतील, चोराला शिव्या देतील आणि रविवार निघून जाईल. एवढा एकच रविवार निघून जायला हवा होता. मग एप्रिलपर्यंत शर्यत नाही. पाच महिन्यांत मी काहीतरी करून त्यांना सांगितलं असतं."

"त्यांच्या पायाबद्दल."

जोलीनने चमकून वर पाहिलं.

"त्यांच्या उजव्या बुटात स्क्रू घुसलाय," बाई म्हणाल्या. "चालताना वाजतो. माझ्यासमोर निदान वीस येरझारा घातल्या त्यांनी, एकदाही थांबून बुटाकडे पाहिलं नाही. ऑगस्टात तार अडकली नव्हती. भिंतीचा तक्ता मोडलाय आणि तू तिथे टायर लावून ठेवलेस. मधुमेहाने पायातली जाण गेलीय, हो ना? पाय अॅक्सिलरेटरवर आहे की उचललाय, हे त्यांना कळत नाही."

"सप्टेंबरात गाडी आत लावताना भिंतीवर घातली. मला म्हणाले, बूट ओला होता, घसरला." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मी विचारलं तर म्हणतात, पायाला मुंग्या येतात, बाकी काही नाही. डॉक्टरकडे येत नाहीत. आई गेल्यापासून त्यांच्याकडे ती गाडीच आहे, बाई. ती चालवू नका असं मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि मोठा सुपरचार्जर बसवला की पाय नुसता राहिला तरी..." तिने वाक्य सोडून दिलं. "चेनकप्पीनेच उचलला, माझ्या पिकअपमध्ये आहे तो. ताडपत्रीखाली. ओरखडासुद्धा नाही."

"ते मला इंजिनावरची निळी चिकटपट्टी बघूनच कळलं. चोराला इंजिनात धूळ गेली तरी काय त्याचं." बाई उठल्या. "चल. मी नाही सांगणार, तूच सांगायचंस. मी शेजारी उभी राहीन."

५

साडेचारला वेंडल गॅरेजच्या दारात कोट घालून उभा होता. जोलीनची पिकअप आत आली. तिने ताडपत्री ओढली.

वेंडल सुपरचार्जरकडे बघत राहिला, मग मुलीकडे. "तू?"

"मी, बाबा. डेलकाकांनी हातही लावला नाही."

"माझ्या गॅरेजात? माझ्या गाडीतून?" त्याचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी ती चालवतोय. तुला भीती वाटते तर येऊ नकोस बघायला. गाडी माझी आहे."

"गाडी तुझीच आहे," बाई म्हणाल्या. "वेंडल, तिथे स्टुलावर बस आणि उजवा बूट काढ."

"बाई, हे काय मध्येच?"

"बूट काढ."

चाळीस वर्षांपूर्वीही या आवाजापुढे त्याचं चाललं नव्हतं. तो बसला. बूट निघाला. मोजा टाचेपाशी तपकिरी झाला होता आणि त्वचेला चिकटला होता. जोलीन गुडघ्यावर बसली, तिने तो हळूहळू सोडवला. बुटाच्या तळातून पाऊण इंच स्क्रू आत आलेला होता.

जोलीनने बूट उलटा करून त्याच्यासमोर धरला.

"कधी घुसला हा?" वेंडलने विचारलं. तो प्रश्न तो स्वतःलाच विचारत होता.

"मी सकाळी आले तेव्हा वाजत होता."

त्याने वाकून जखमेवर बोट दाबलं. मग जोरात दाबलं. त्याच्या चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ उमटली नाही, आणि तेच बघून जोलीनने तोंड फिरवलं.

"वाळूत गेलो तेव्हा," वेंडल हळू आवाजात म्हणाला, "मी पाय उचलला होता. शपथेवर सांगितलं असतं मी. उचलला होता."

"माहीत आहे, बाबा."

"म्हणून मोठा घेतला. म्हटलं, हात-पाय मंद होतायत, तर गाडी तरी दमदार करू." तो कोरडं हसला. "बरोबर उलटं केलं."

जोलीन पाय धुऊन पट्टी बांधत होती. सोमवारी डॉक्टरकडे जायचं आणि तोवर कुठलीच गाडी चालवायची नाही, हे तिने सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. हो असंही म्हणाला नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याने फोन उचलला.

"डेल, मी बोलतोय. मी गाढव आहे."

डेलचा आवाज बाईंनाही ऐकू आला. "हे सांगायला फोन केलास? मला नववीपासून माहीत आहे."

"जोलीनने नेला होता. कारण समोर आलास की सांगतो. फोनवर सांगता येणार नाही." वेंडलने घसा साफ केला. "मी शेरीफकडे जाणारच होतो रे. कोट घातला होता."

 वेंडलने डोळे मिटून घेतले.

"कर्टिसला सांग मला आणायला," डेल शेवटी म्हणाला. "माझी गाडी अजून दुरुस्तीला आहे. आणि त्याला हसू नकोस म्हणावं."

रविवारी सकाळी शेव्हेलवर जुना, लहान सुपरचार्जर होता. तो वेंडल, डेल आणि जोलीन अशा तिघांनी मिळून बसवला होता. मोठा वर्षभर थांबेल, असं वेंडलनेच ठरवलं. गाडीत जोलीन होती. वेंडल कुबडी घेऊन सुरुवातीच्या रेघेमागे डेलला टेकून उभा होता आणि आदल्या संध्याकाळी जोलीनला दिलेल्या सगळ्या सूचना पुन्हा देत होता, जरी हेल्मेटमधून तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

कर्टिसने तिला सरळ हरवलं. तिची वेळ वेंडलच्या सगळ्यात वाईट वेळेपेक्षाही दीड सेकंदाने जास्त होती.

ती परत आली, काच खाली केली. वेंडल खिडकीवर वाकला.

"अर्ध्या वाटेवर पाय का उचललास? रस्ता मोकळा होता."

"मागचं चाक घसरतंय असं वाटलं, बाबा. पायाखाली कळलं."

वेंडलने तिच्या पायाकडे पाहिलं. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाटलं की उचलायचाच," तो म्हणाला. "आता पुढच्या वेळी थोडा उशिरा उचल."